डाव्या हाताचं अक्षर

प्रार्थनेत कुणाचं व्याकरण चुकलं, तर एस्तेरबाई ‘आमेन’पर्यंत थांबायच्या. त्यापुढे मात्र क्षणभरही नाही.

एका बुधवारच्या प्रार्थनासभेत मोशेआजोबांनी डोळे मिटून, अगदी पोटातून म्हटलं, “देवा, आमच्या संगट ऱ्हा. आमाला सोडू नको.” सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि लगेच बाईंचा आवाज आला, “संगट नव्हे, सोबत. आणि ऱ्हा नव्हे, राहा.”

मोशेआजोबांचं सगळं आयुष्य धाटावच्या एका कंपनीत बॉयलरसमोर गेलेलं. सहज घाबरणारा माणूस नव्हे. ते म्हणाले, “बाई, त्याला समजतं हो.”

“त्याला समजतं. मागं लेकरं बसलीत, ती काय शिकतील?”

पुढच्या बुधवारी आजोबांनी मनातल्या मनात प्रार्थना केली.

रोह्याची आमची मंडळी लहान. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. नगर, जालना, सोलापूरकडची ख्रिस्ती कुटुंबं कंपन्यांत कामाला लागून इथं आली आणि इथलीच होऊन गेली. दुसऱ्या पिढीच्या तोंडात ‘नाय’ आणि ‘हाय’ पक्कं बसलं. तीसेक घरं, पत्र्याचं छप्पर असलेलं एक चर्च, एक पेटी आणि दाराबाहेर एक फळा. पेटी मी वाजवायचे. फळा बाईंचा होता.

दर शनिवारी संध्याकाळी बाई वरसे गावातून चालत यायच्या, पर्समधून खडू काढायच्या आणि त्या आठवड्याचं बायबलमधलं वचन फळ्यावर लिहायच्या. अक्षर असं की रस्त्यानं जाणारा थांबायचा. बाजारातले मुसलमान व्यापारी, शेतावरून परतणारी माणसं, एसटीचे ड्रायव्हर, कुणीही. मजकूर किती जण वाचायचे देव जाणे, पण बघायला थांबायचे. नगरपालिकेच्या शाळेत बाईंनी अर्ध्या रोह्याकडून अक्षर गिरवून घेतलं होतं. कुणाचा अर्ज, कुणाच्या लग्नाची पत्रिका, कुणाच्या कबरीवरच्या दगडाचा मजकूर, सगळं बाईंच्या हातचं. दगड कोरणारा म्हणायचा, बाईंनी लिहून दिलं की मला नुसती छिन्नी फिरवायची असते.

डाव्या हातानं लिहिणारं मूल समोर आलं की बाई त्याची पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. रागावून नव्हे. शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं तर आपण नीट करतो ना, तशा.

नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारलेला, मूलबाळ नाही. शेजारी हमीदाचाची. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे कुवेतला, म्हणजे तीही एकटीच. दोघींच्या पडव्यांमध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून इकडून गवती चहाची पात जायची, तिकडून तळलेल्या मांदेलींची ताटली यायची. बाई चाचीचीही भाषा सुधारायला जायच्या. बाईंना उलट बोलणारं माणूस साऱ्या वरशात ते एकच. चाची म्हणायची, “तू तुझी पोरं सुधार गो. माझा नवरा तीस वर्षं हेच ऐकतोय, त्याला समजतं.”

मी दहावीला गणितात नापास झाले तेव्हा घरात कुणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाई आल्या. म्हणाल्या, “गणित मलाही येत नाही. दोघी मिळून बघू.” आणि खरोखरच माझ्या शेजारी बसून त्यांनी गाइड उघडलं. ऑक्टोबरात मी पास झाले, तर पेढा हातात घेऊन म्हणतात, “प्रीती, मला या वयात वर्गसमीकरण समजलं. तुझे आभार.” माझी आई त्या दिवसापासून बाईंसाठी जीव टाकायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याच आईनं दीड महिना बाईंचं नाव घरात घेऊ दिलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस पुढे यायच्या आधी बाई उठायच्या, लहान मुलांना गोळा करायच्या आणि मागच्या जांभळाखाली नेऊन गोष्ट सांगायच्या. आत मोठ्यांना शांतता मिळायची. बायका म्हणायच्या, बघा, दुसऱ्यांसाठी स्वतः बाहेर बसतात.

आता त्या पत्राचं सांगायला हवं.

मी कॉलेजात असताना शमुवेल पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आमच्याकडे होते. मऊ स्वभावाचे, सतत खोकणारे, आजाऱ्याच्या उशाशी तास न् तास बसणारे. त्यांनी एका वर्षी नाताळाचं नाटक एका नव्या तरुण शिक्षिकेकडे दिलं. बाईंना म्हणाले, “या वर्षी तुम्ही विश्रांती घ्या.” नाटक त्याआधी कायम बाई बसवत. बाई “बरं” म्हणाल्या.

पुढच्या काही महिन्यांत पाळकांच्या वरिष्ठांकडे एक निनावी पत्र गेलं. पाळक दारू पितात, आजाऱ्यांच्या घरी येतात तेव्हाही तोंडाला वास येतो. चौकशीला दोन माणसं आली, घरोघर फिरली, काही निघालं नाही. पण ते पत्र चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचांपुढे ठेवलं गेलं आणि हातोहात फिरलं. अक्षरं उलट्या बाजूला कललेली, वेडीवाकडी. कुणीतरी म्हणालं, “हे डावऱ्या हाताचं अक्षर हाय.”

मंडळीत डावरा माणूस एकच, दावीदभाऊ. सुतारकाम करायचे. चर्चमधलं व्यासपीठ, ज्यामागे उभं राहून पाळक उपदेश करतात, ते त्यांनीच बनवलेलं. त्याआधीच्या पावसाळ्यात व्यासपीठाच्या उंचीवरून पाळकांशी त्यांचा चारचौघांत वाद झाला होता. एवढं पुरलं. दावीदभाऊंनी सगळ्यांसमोर पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. लोकांनी पाहिलं ते एवढंच की हात डावा होता.

शमुवेल पाळकांनी स्वतःच बदली मागून घेतली. जालन्याकडे गेले आणि दोन वर्षांत वारले. मग तर दावीदभाऊंकडे लोक पाहीनासे झाले. बाकावर त्यांच्या शेजारी कुणी बसेना. त्यांच्या मुलीच्या लग्नाला रोह्यातून एक माणूस गेला नाही. शेवटी दुकान बंद करून ते पेणला, रामवाडीला राहायला गेले. त्यांच्यावर विश्वास ठेवणारी चार घरं तिकडे त्यांच्या शेडमध्ये रविवारी जमू लागली. रोहा ते पेण अंतर ते किती! पण दहा वर्षं त्यासाठी कुणी एसटीत बसलं नाही.

आमचं चर्च त्यानंतर चालू होतं, म्हणजे दर रविवारी उघडत होतं. तीच गाणी, त्याच प्रार्थना, कोण कुणाच्या मागे बसणार नाही हे ठरलेलं. ही मरगळ सगळ्यांनाच कळत होती. म्हणून एका वर्षी मोठी उज्जीवन सभा घेतली. बाहेरून वक्ते आणले, मंडप घातला, स्पीकर लावले. तीन दिवस लोक रडले, हात वर करून ओरडले, पुढे येऊन गुडघे टेकले. मीही रडले. बाई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसून होत्या. मंडप निघाला आणि पंधरा दिवसांत, स्पीकरची वायर कुणाच्या घरी राहिली यावरून दोन पंच एकमेकांशी बोलेनासे झाले.

त्यानंतर नवे पाळक आले. वयानं लहान, आवाज बारीक. त्यांना गरजता येत नसे. त्यांनी एकच गोष्ट नवी केली. प्रभुभोजनाआधी म्हणायचे, “पाच मिनिटं गप्प बसू. कुणाचं काही आपल्याकडे राहिलंय का, ते आठवू.” पाच मिनिटं लोकांना फार मोठी वाटायची. खोकायचे, पंख्याकडे बघायचे. एकदा पाळक बाईंना म्हणाले, “मुलांकडे आज दुसऱ्या कुणाला पाठवतो. तुम्ही आत बसा.”

“नको,” बाई म्हणाल्या. इतक्या तुटक, की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग हन्नाची गोष्ट घडली. मी तेव्हा बाईंच्या रविवारच्या शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, गाण्यांपुरती मदतीला असायचे, त्यामुळे हे डोळ्यांसमोर झालं. हन्ना सहा वर्षांची, नुकतीच यायला लागलेली. डाव्या हातानं चित्राखाली नाव लिहीत होती. बाईंनी सवयीनं पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. ती वर बघून म्हणाली, “बाई, डाव्या हातानं लिहिलं तर पाप लागतं?”

बाईंनी खाली वाकून पेन्सिल परत तिच्या डाव्या हातात दिली, बोटं नीट बसवली आणि म्हणाल्या, “नाही लागत. लिही.” त्या दिवशी वर्ग दहा मिनिटं आधी सुटला. असं कधी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी भिंतीपलीकडे हमीदाचाचीला सगळं सांगितलं. हे मला चाचीनंच नंतर सांगितलं. “मी म्हटलं तिला, मला सांगून तुझं ओझं उतरेल. त्याचं नाय उतरायचं. ज्याच्या डोक्यावर ठेवलंस, तिथं जाऊन उतरव.”

पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता. सूचना वाचून झाल्यावर बाई उठल्या. मुलांना न्यायला उठल्या असं वाटून मुलंही उठली. बाईंनी त्यांना हातानं बसवलं आणि व्यासपीठापाशी गेल्या.

“मला दोन मिनिटं हवीत,” त्या म्हणाल्या. “शमुवेल पाळकांविरुद्धचं पत्र मी लिहिलं होतं. माझं अक्षर तुम्ही सगळे ओळखता, म्हणून डाव्या हातानं लिहिलं. पाळकांच्या तोंडाला वास यायचा तो खोकल्याच्या औषधाचा. ती बाटली मी त्यांच्या टेबलावर पाहिली होती. मला माहीत होतं. नाटक माझ्याकडून काढून घेतलं, त्याचा राग होता. दुसरं काहीही कारण नव्हतं.”

बाईंनी पुढच्या एका बाकाकडे बोट दाखवलं.

“दावीदभाऊंचं नाव निघालं तेव्हा मी त्या बाकावर बसले होते. बोलता आलं असतं. बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. मग पत्राची लाज होतीच, तिच्यावर गप्प बसल्याची लाज रोज चढत गेली. असं मनात ठेवून ते घ्यायचं नसतं, म्हणून तेरा वर्षं मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. मुलांना बाहेर नेत होते ते एवढ्याचसाठी. तुम्ही त्याबद्दल मला चांगलं म्हणत होता. तेही मी ऐकून घेतलं.”

कपाटाच्या किल्ल्या आणि मुलांचं हजेरीबुक त्यांनी व्यासपीठावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसल्या. रडल्या नाहीत. मागून एकजण “शी!” म्हणाली आणि उठून गेली. मग आणखी दोघी. पाळकांनी काहीतरी प्रार्थना केली, ती कुणाला ऐकू आली नाही. त्या रविवारी कुणीच प्रभुभोजन घेतलं नाही. ताट झाकलेलंच राहिलं.

माझी आई घरी येऊन चुलीपाशी उभी राहिली आणि भांडी आपटायला लागली. “त्या माणसाच्या पोरीच्या लग्नाला आपुन गेलो नाय गो. साडी घेऊन ठेवली होती मी, तीपन दिली नाय. ह्या बाईमुळं!” मी बाईंची बाजू घ्यायला गेले तर म्हणाली, “तुझं गणित ठेव बाजूला.”

तीन आठवडे बाईंच्या घरी मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. त्या चर्चला मात्र आल्या. शेवटच्या बाकावर एकट्या बसायच्या. शमुवेल पाळकांच्या पत्नीला त्यांनी पत्र लिहिलं, उजव्या हातानं, सहीसकट. मीच ते पोस्टात टाकलं. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

मग एका शनिवारी मला म्हणाल्या, “पेणला येशील? माझा गुडघा एसटीच्या पायरीला दाद देत नाही.” दुसऱ्या कुणाला त्या विचारू शकत नव्हत्या, हे मला कळत होतं. गेले.

भिसे खिंडीच्या वळणांवर बाई पुढच्या सीटचा दांडा धरून बसल्या होत्या. नागोठणं गेलं, वडखळ गेलं. त्यांनी सोबत काही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, निदान फळं तरी घ्या. म्हणाल्या, “फळं आजाऱ्याला नेतात. तिथं आजारी मी आहे.”

दावीदभाऊंची शेड रामवाडीत एका बोळाच्या टोकाला. परदेशी जाणाऱ्या गणपतींसाठी लाकडी खोकी बनवायचं काम चाललेलं, फळ्यांची थप्पी दारापर्यंत आलेली. दावीदभाऊंनी आम्हाला पाहिलं. केस सगळे पांढरे झालेले. त्यांनी पाठ फिरवली आणि रंध्याचं मशीन चालू केलं.

त्यांची बायको राहेलमावशी पाण्याचे दोन ग्लास घेऊन बाहेर आली. रोह्याची बातमी पेणला कधीच पोचली होती. “ते बोलायचे नायत, बाई.”

“बसू का थोडा वेळ?”

“बसा.”

तासभर आम्ही दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलो. मशीन थांबलं नाही. मग एसटी पकडून परत आलो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही. त्या शनिवारांत आमच्या चर्चचा फळा कोराच राहिला. लोक जाता-येता विचारायचे, काय हो, बाई आजारी हायत काय?

चौथ्या शनिवारी पेणची लाइट गेली. मशीन घरघरत बंद पडलं आणि इतकी शांतता झाली, की आम्ही बाहेर आणि ते आत, दोघांनाही अवघडलं. थोड्या वेळानं दावीदभाऊ दारात आले. अंगावर भुसा. बाई उठून उभ्या राहिल्या.

“बसा बाई, गुडघा दुखतोय तुमचा,” ते म्हणाले. बाई बसल्या नाहीत.

“एक सांगतो तुमाला. माझा बाप वारला त्या आधी चार दिवस मला जवळ बोलावलं. म्हणाला, दावीदा, आता खरं सांग, तूच लिहिलंस ना? मी म्हटलं, नाय बाबा. तर त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.” त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. “त्याला आता कोण सांगणार?”

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “तेवढं माझ्याच्यानं कधीच भरून निघणार नाही.”

“मी माफ केलं म्हणायला माझं तोंड उठत नाय.”

“म्हणू नका. ते मागायला मी आलेच नाही. तुमच्या मंडळीपुढं उभं राहून, मी लिहिलं एवढं मला सांगू द्या. तुमच्या नातवंडांच्या कानांवर ते माझ्या तोंडून जायला हवं.”

दावीदभाऊंनी अंगावरचा भुसा झटकला. मग आत वळून म्हणाले, “राहेल, चहा ठेव. लाइट लवकर येत नाय.”

दुसऱ्या दिवशीच्या रविवारी बाई रामवाडीच्या शेडमध्ये पुन्हा तेच सगळं बोलल्या. पहिल्यापेक्षा हे कठीण होतं. रोह्यात त्यांना लोकांचा राग दिसला होता, इथं समोर दावीदभाऊंची मुलगी बसली होती, जिच्या लग्नाला रोह्यातून कुणीच गेलं नव्हतं. बोलताना बाईंचं एक वाक्य मधेच तुटलं. त्यांनी ते पूर्ण केलं नाही.

हे सगळं मी घरी सांगत होते आणि आई तांदूळ निवडत ऐकत होती. दावीदभाऊंच्या बापाचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. “पत्र तिनं लिहिलं,” आई म्हणाली. “पन आपल्यातला एक माणूस तरी दावीदला जाऊन विचारायला गेला का? मी तरी गेले का?”

ती उठली. ट्रंकेतून एक साडी काढली, घडीवर पिवळी पडलेली, दावीदभाऊंच्या मुलीच्या लग्नासाठी घेतलेली. दुसऱ्या दिवशी एकटीच पेणला गेली. तिकडे काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि पिशवीत राहेलमावशीनं दिलेलं आंब्याचं लोणचं होतं. येताना ती आधी वरशाला जाऊन बाईंना भेटून आली होती.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला नाव द्यायला मला जड जातं. कुणी ओरडलं नाही, कुणी पडलं नाही. पंधरा दिवसांत सात-आठ घरं पेणला जाऊन आली. बुधवारच्या प्रार्थनेला पाच माणसं असायची, ती पंचवीस झाली. एका बुधवारी त्या दोन पंचांतला एक जण स्पीकरची वायर घेऊन आला आणि दुसऱ्याच्या पायाशी ठेवून म्हणाला, “माझ्याच घरात होती. माळ्यावर.” लोक हसले आणि ते दोघं रडले. एका सासूनं सुनेची सगळ्यांसमोर क्षमा मागितली. एक माणूस कंपनीत आपल्या चुकीमुळं दुसऱ्याची नोकरी गेली होती हे सांगायला त्या माणसाच्या गावी जाऊन आला. पाळकांची पाच मिनिटं आता कमी पडायला लागली. कुणीतरी मीटिंगमध्ये सुचवलं, उज्जीवन सभेला पुन्हा तेच वक्ते बोलावू. मोशेआजोबा म्हणाले, “आता कशाला? चालू हाय की.”

जानेवारीत, वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा, पेणची मंडळी टेम्पोत बसून रोह्याला आली. दहा वर्षांनी दावीदभाऊ आमच्या चर्चमध्ये शिरले. सगळे उठून उभे राहिले, पण पुढे व्हायचं धाडस कुणाला होईना. दावीदभाऊ सरळ व्यासपीठापाशी गेले, त्याच्या कडेवरून हात फिरवला आणि वळून म्हणाले, “हा खिळा कुणी ठोकला?”

कुठल्यातरी नाताळात झिरमिळ्या लावायला कुणी ठोकला होता. मागून एकानं भीत भीत हात वर केला.

“सागाला असा ठोकतात होय?” दावीदभाऊ म्हणाले, आणि मग आमचे लोक एकदम त्यांच्याभोवती जमले.

त्या दिवशी दोन्ही मंडळ्यांचं एकत्र प्रभुभोजन झालं. भाकरीचं ताट दावीदभाऊ फिरवत होते. मी पेटीवर होते, तिथून शेवटचा बाक नीट दिसत होता. ताट बाईंपुढे आलं. बाईंनी हात उचलला नाही. मान खाली. दावीदभाऊ पुढे सरकले नाहीत. उभेच. गाणं संपलं, मी पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं.

“बाई,” दावीदभाऊ हळूच म्हणाले, “मागं माणसं थांबलीत.”

बाईंनी भाकर घेतली.

दुपारी वरशाच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी घालून वर जाळ. हमीदाचाचीही आली आणि मीठ कमी पडलंय म्हणून सगळ्यांवर ओरडली. दावीदभाऊ आणि बाई एका सतरंजीवर, पण दोन टोकांना बसून शेंगा सोलत होते. ‘माफ केलं’ हे शब्द दावीदभाऊंच्या तोंडून मी तरी कधी ऐकले नाहीत. पण पुढच्या पावसाळ्यात बाईंच्या पडवीचं दार फुगलं, तेव्हा ते स्वतः पेणहून येऊन तासून देऊन गेले.

रविवारची शाळा बाईंनी परत घेतली नाही. लोकांनी आग्रह केला तरी नाही. पण त्यांच्या घरी माणसं यायला लागली. आधी मंडळीतल्या बायका, मग पुरुष, मग मंडळीबाहेरचेही. ज्यांना कुठंतरी काहीतरी सांगायचं होतं ते.

मी लग्न होऊन पेणला आले, इथल्याच शाळेत नोकरीला लागले. दिवाळीच्या सुट्टीत एकदा दुपारी बाईंना भेटायला वरशाला गेले. माझी बदली होता होता थांबली होती, ते सांगायचं होतं, आणि त्यांच्या गुडघ्यासाठी तेल द्यायचं होतं. दार लोटलेलं. मी ढकललं तर आत एक माणूस बसलेला, कंपनीचा गणवेश, शिफ्ट सुटल्यावर थेट आलेला असावा. हातात हेल्मेट धरून खाली बघत बोलत होता. बाईंनी माझ्याकडे पाहून तळहात दाखवला, थांब.

मी चाचीच्या पडवीत बसले. तिनं चहा दिला. “आता असंच हाय गो,” ती म्हणाली. “एक जातो, दुसरा येतो. जेवायची शुद्ध नाय तिला. मी भिंतीवरून ताट ठेवते, संध्याकाळी तसंच असतं कधी कधी.”

“काय सांगते त्यांना?”

“काय सांगेल? काय नाय सांगत. इतकी वर्षं शेजारी हाय मी, तिला इतकं गप्प कधी बघितलं नाय.”

तास गेला, माझी एसटी निघायची वेळ झाली. तेलाची बाटली चाचीकडे ठेवून मी उठले. जाता जाता खिडकीतून आत पाहिलं. तो माणूस आता रडत होता आणि रडता रडता भराभरा बोलत होता, चुकीच्या, तुटक भाषेत, एक वाक्य धड नव्हतं. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. चष्म्याशिवाय त्यांना मी दिसले असणं शक्य नव्हतं. किंचित पुढे झुकून, मान एका बाजूला करून त्या ऐकत होत्या.

मी हाक मारली नाही. महिनाभरानं चाचीचा फोन आला, बाई रात्री झोपेतच गेल्या. पण मला बाई आठवतात त्या खिडकीतल्या, ऐकत बसलेल्या.